मरळीची पिल्लं आणि दगडी काठ

आसगावच्या पलीकडे आमचं गाव. घरचा धंदा मासेमारीचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तलावाची उथळ बाजू बायांचीच होती. पुरुष डोंगा घेऊन खोल पाण्यात जाळी टाकत. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही पाणगवत लावायचो, देवधानाचं, म्हणजे पाण्यात उगवणाऱ्या रानभाताचं, बी फेकायचो. पावसाळ्यात त्या गवतात नखाएवढी पिल्लं शिरायची आणि दिवाळीपर्यंत बोटाएवढी होऊन खोल पाण्यात निघून जायची. तलावाचं बाळंतपण तिथंच व्हायचं.

एका उन्हाळ्यात सकाळी भांडी घासत असताना मशीनचा आवाज आला. जाऊन पाहते तर जेसीबी आमच्या गवतात उभा. अर्धा काठ खरवडून झाला होता.

"कोनं सांगतलं तुले?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"सरकारी काम आहे. सोसायटीच्या अध्यक्षानंच होकार देला, बाई. दगड लावाचे आहेत. सुंदर होऊन राहिला तुमचा तलाव."

मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष म्हणजे माझा सख्खा धाकटा दीर. एकाच अंगणात राहणारा. मी तशीच घरी आले. तो जेवायला बसला होता.

"भाऊजी, तुमी होकार देला?"

"वहिनी, गवत तं काय, उगतेच. लोकं फिराले येतील. गावाचं नाव होईल."

"पिल्लं कोठी राहतील?"

"येवढा मोठा तलाव आहे. राहतील कोठीबी."

मी त्याच्या पुढचं ताट उचललं आणि आत नेलं. घरात कोणी माझी बाजू घेतली नाही. नवऱ्यानंसुद्धा नाही, आणि त्याचाही मला तेवढाच राग आला. ज्याचं सारं आयुष्य पाण्यात गेलं त्याला पिल्लं कुठं वाढतात हे माहीत नव्हतं असं मी कशी मानू? माहीत होतं. भाऊ नाराज होईल म्हणून तो गप्प बसला.

पावसाळ्याआधी दगडी काठ पुरा झाला. भिंतीसारखा सरळ, पाय टाकला की कमरेएवढं पाणी. नारळ फुटला, फोटो निघाले. सोसायटीनं दरवर्षीसारखी बोटुकली, म्हणजे बीज म्हणून विकत मिळणारी पिल्लं, आणून सोडली. ती दगडाला लागून इकडून तिकडं फिरत राहिली. आडोसा शोधत होती, दुसरं काय. पाणकावळ्यांना कळायला वेळ लागला नाही. रोज सकाळी ते रांगेनं दगडावर बसलेले.

मग श्रावणात मरळीची पिल्लं दिसली. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर, आणि खाली मरळ त्यांना राखत फिरत होती. पिल्लं मोठी होईपर्यंत तिला आमच्याकडे कोणी धरत नाही. दरवर्षी ती त्यांना गवतात घेऊन फिरायची. आता गवत नव्हतं. पाणकावळ्यानं बुडी मारली की मरळ उसळून त्याच्या अंगावर जायची, तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं बगळा पिल्लं टिपायचा. मी दगड मारून पाखरं हाकलत राहिले. हात दुखून आला, पाखरं काही हटली नाहीत.

मी शेजारच्या बायांना हाक मारली. आम्ही बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या, छातीएवढ्या पाण्यात उतरून दगडाच्या कडेला रोवल्या. तोवर पुंजका अर्ध्याहून कमी झाला होता. दीर तलावाच्या बांधावर उभा राहून पाहत होता.

"वहिनी, जाळे फाटतील ना काट्यानं," तो म्हणाला.

"फाटू द्या," मी म्हणाले. आणखी तोंडात आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही.

हिवाळ्यात जाळी ओढली तेव्हा जुने मोठे मासे आले. त्या वर्षीची पिल्लं जवळपास नाहीतच. बाभळीच्या फांद्यांजवळ तेवढी थोडी हाती लागली. सोसायटीच्या बैठकीत पुरुष म्हणाले, बीज खराब निघालं, देणाऱ्यानं फसवलं. दीर मान हलवत होता. मी मागं बसले होते, ती उठले.

"बीज खराब नोहोतं. त्याइले लपाले जागा नोहोती. तुमी त्याइचं घर खोदलं, आन् आता दुसऱ्याच्या नावानं बोंबलून राहिले."

दीर उठून बाहेर गेला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही बायांनी सब्बल घेऊन एका कोपऱ्यातले दगड काढले. सरकारी काम मोडलं म्हणून तक्रार करतो, असं गावातले दोघं-तिघं म्हणाले. करा म्हटलं. अजून कोणी केलेली नाही. माती ओढून उतार केला, गवत लावलं. नवरा दुसऱ्या दिवसापासून घमेलं घेऊन येऊ लागला. दीर आला नाही. त्याच्या बायकोला मात्र त्यानं अडवलं नाही, ती रोज आमच्यासोबत होती.

कोपऱ्यात आता पिल्लं दिसतात. पण कोपरा म्हणजे तलाव नव्हे. बाकीचा काठ तसाच उघडा आहे, आणि फिरायला येणारे लोक काही आले नाहीत. त्यांच्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या बाकांवर आम्ही जाळी वाळत घालतो.