माझ्या जावेचा केक

माझी मोठी जाऊ जराशी वाईट असती ना, तर माझं आयुष्य किती सोपं झालं असतं! पण बाईला नावं ठेवायला जागा म्हणून नाही. आवाज चढवत नाही, कुणाचं उणंदुणं काढत नाही, कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही. चौदा वर्षं मी शोधतेय. हाती लागलं ते एवढंच की ती झोपेत घोरते. तेही मोठे दीर सांगतात, म्हणजे खरंखोटं देव जाणे.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. नाकावर फ्रेम नीट बसवून देणं हे तिचं काम. गिऱ्हाईक समोर बसलं की ती दोन बोटांनी चष्मा उचलते, काडी जराशी वाकवते, पुन्हा घालते आणि मान तिरकी करून बघते. "आता खाली बघा. आता हसा." हसताना चष्मा घसरला तर परत काढते. दुसऱ्या दुकानातून घेतलेले चष्मेसुद्धा लोक तिच्याकडे घेऊन येतात, आणि ही तेही करून देते! घरी तरी गप्प बसावं? छे! जेवताना समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेते, नीट करते, परत ठेवते आणि विचारते, "आणखी भात वाढू?" माझा नवरा तिच्याकडे जाताना मुद्दाम चष्मा वाकडा करून जातो, असा मला संशय आहे.

मी लाँड्रीत. कपडे घ्यायचे, नंबराची चिठ्ठी टाचायची, धुऊन इस्त्री होऊन आले की नंबर बघून ज्याचे त्याला द्यायचे. सोळा वर्षांत माझ्या हातून एक मोजा इकडचा तिकडे झालेला नाही. पण त्याचं कौतुक कोण करणार? चष्मा नीट बसला की माणूस आरशात बघून खूश होतो. स्वतःचाच शर्ट परत मिळाला म्हणून कुणी खूश झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तरी बाकीचे अकरा महिने मी तिला सहन करते. डिसेंबर लागला की माझ्या पोटात दुखायला लागतं.

त्याचं कारण केक. आपापल्या लग्नात सासूबाईंनी आम्हा दोघींना केकची सारखी भांडी दिली. गोल, जड, कडेला दोन कान असलेली. तेव्हापासून दर नाताळला दोघींनी एकेक केक करून सासूबाईंच्या घरी न्यायचा. तिचा टेबलाच्या मधोमध बसतो. माझा कपाटावर. "हा संध्याकाळी चहाबरोबर खाऊ हं," असं सासूबाई दरवर्षी म्हणतात. संध्याकाळपर्यंत पोटात जागा असते कुणाच्या? मग निघताना तो त्याच कागदात गुंडाळून माझ्या हातात येतो, एक फोड कापलेला. ती फोड सासूबाईंनी माझं मन राखायला खाल्लेली असते. पुढचा आठवडाभर मी आणि माझी लेक तो दुधात बुडवून संपवतो.

बरं, मी काही कमी करते का? तीन आठवडे आधी मनुका, खजूर, चेरी सगळं बारीक चिरून संत्र्याच्या रसात घालून ठेवते. रोज कामावरून आले की बरणी हलवते. ते मला मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू. खिडकीत कागदाचा तारा लागलेला असतो, लेक जमिनीवर फतकल मारून रंगीत कागदांच्या साखळ्या चिकटवत असते, नवरा दिव्यांची माळ सोडवता सोडवता स्वतःच गुंतलेला असतो. घर कसं भरल्यासारखं वाटतं. आणि तेवढ्यात लेक विचारते, "आई, काकूच्या बरणीसारखा आपल्या बरणीला वास का गं येत नाही?" झालं! अंगाचा नुसता तिळपापड.

यंदा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे सासूबाईंकडे झाड सजवायला जमलो होतो. सासूबाई खुर्चीत बसून काचेचे गोळे पुसत होत्या. मध्येच म्हणाल्या, "माझे गुडघे गेले आता. हा माझ्या घरचा शेवटचा नाताळ. पुढच्या वर्षीपासून तुम्हा दोघींपैकी एकीकडे."

"कुणाकडे पण?" मोठ्या दिरांनी विचारलं.

"जिचा केक चांगला, तिच्याकडे."

सगळे हसले. म्हणजे उत्तर सगळ्यांना ठाऊकच होतं. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं? माझा नवरा! मी शिडीवर उभी होते, हातात चांदणी होती. वाटलं, तीच फेकून मारावी त्याला.

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? त्यात असं की चौदा नाताळ मी दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या टेबलाशी, कपाटावरच्या केककडे पाठ करून बसले. एकदा, फक्त एकदा, सगळ्यांनी माझ्या दारात चपला काढाव्यात, माझ्या टेबलाशी बसावं, "वा, काय छान मांडलंयस गं!" म्हणावं. बस्स. घरी गेल्यावर मी टेप घेऊन बाहेरची खोली मोजली. टेबल भिंतीपासून ओढलं तर नऊ माणसं सहज बसतील. सासूबाईंची खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरवलं. नवरा म्हणाला, "अगं, वहिनी असताना..." मी त्याच्याकडे असं बघितलं की उरलेलं वाक्य त्याने गिळलं.

आमच्या घरच्या ओव्हनमध्ये ते जड भांडं मावत नाही. नाताळच्या आठवड्यात दुपारचे पाव निघाले की कोपऱ्यावरचे बेकरीवाले काका भट्टी लोकांना वापरू देतात. आपलं भांडं द्यायचं, नंबराची चिठ्ठी घ्यायची. संध्याकाळी काका भांड्यावर खाकी कागद बांधून, दोऱ्यात तोच नंबर खोचून परत देतात. यंदा माझा नंबर तेवीस, जाऊबाईंचा चोवीस. दुपारी त्यांचा फोन आला. "अगं, नाताळचे फोटो काढायचे म्हणून सगळ्या गावाला आजच चष्मे सरळ करून हवेत. माझाही केक घेऊन ठेवशील का? जाताना मी तुझ्याकडून नेईन."

आणला. दोन्ही भांडी टेबलावर ठेवली. नाताळपर्यंत कागद सोडायचा नाही हा सासूबाईंचा नियम, पण मी सोडला. माझा मधोमध तडकला होता आणि एका बाजूला बसला होता. तिचा सपाट, तपकिरी, कडेपर्यंत चकचकीत. सारखं भांडं, सारखी भट्टी, सारखी संत्री! मला रडूच फुटलं. मग मी डोळे पुसले, दोन्ही कागद होते तसे बांधले, आणि चोवीसची चिठ्ठी माझ्या भांड्यावर खोचली, तेवीसची तिच्या.

सोळा वर्षांत पहिल्यांदा. आणि हात कापले नाहीत हो माझे.

तासाभराने जाऊबाई आल्या. दमलेल्या दिसत होत्या. मी चोवीस नंबर त्यांच्या हातात दिला. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. म्हणाल्या, "थांब गं, तुझा चष्मा उजवीकडे कललाय." माझा केक काखेत धरून त्यांनी माझा चष्मा काढला, काडी वाकवली, पुन्हा नाकावर ठेवला. "हं, आता हस बघू." आणि मी मेली हसले!

नाताळच्या दिवशी चर्चमधून आल्यावर सगळे टेबलाशी बसलो. जेवण झालं. सासूबाईंनी दोन्ही केक समोर मागवले आणि कागद सोडले. मी जाऊबाईंकडे बघत होते. त्यांनी आधी एका केककडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, मग माझ्याकडे. आपलं पोर दुसऱ्याच्या कपड्यांत असलं तरी आईला ओळखू येतंच ना? आता बोलणार. सगळ्यांदेखत बोलणार. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि एक घोट घेतला.

सासूबाईंनी तेवीस नंबरची फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "अगं बाई! हा धाकटीने केला?"

मोठ्या दिरांनी दोन फोडी घेतल्या. माझ्या नवऱ्याने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की लग्नाच्या दिवशीही त्याने तसं बघितलं नव्हतं. आणि ते सगळं कौतुक कुणाच्या केकचं? तिच्याच! माझ्याच नवऱ्याचे डोळे तिच्या केकने चमकले होते. मी जिंकले होते आणि तरी जळत होते.

मग सासूबाईंनी चोवीस नंबर चाखला. "हं," त्या म्हणाल्या. "जरा कोरडा झालाय. काकांनी भट्टीत कडेला ठेवला असणार. तुझी काय चूक त्यात?" ऐकलंत? चौदा वर्षं तो केक कोरडा झाला तो माझ्या हातामुळे. तिचा म्हणून कोरडा निघाला, तर चूक भट्टीची!

"पण तू यात घातलंस तरी काय?" सासूबाईंनी मला विचारलं.

काय घातलंय, मला काय माहीत!

"संत्र्याची साल घातलीय तिने," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "आधी साखरेच्या पाण्यात शिजवून. मला सांगितलं होतं तिने."

"मग ठरलं तर," सासूबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीपासून नाताळ धाकटीकडे. आणि केकही तिचाच."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या लेकीने येऊन मला मिठी मारली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ताटं उचलून मी स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई मागोमाग आल्या आणि दार लोटून घेतलं.

"ताई," मी म्हटलं, "तुम्हाला कळलं ना?"

"कागद सुटला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी एक फडकं घेतलं, नुसतंच हातात धरलं. "बावीस वर्षं झाली मला हे करून," त्या म्हणाल्या. "दिवसभर दुकानात उभं राहायचं आणि घरी आल्यावर मनुका चिरत बसायचं. सगळे म्हणतात, तुझ्या हाताला चव आहे. पाय दुखतात का, असं एकाने विचारलं नाही. आईंनी त्या रविवारी ते केकचं काढलं आणि तुम्ही सगळे हसलात ना, तेव्हा मला रडू येत होतं. म्हटलं, आता सगळा नाताळच माझ्या गळ्यात. आणि तू! कामावरून येतेस, लेकीबरोबर जमिनीवर बसून कागद चिकटवतेस. तुझ्याकडून कुणाची काही अपेक्षाच नाही. तुझा किती हेवा वाटायचा मला."

"माझा?"

"यंदा ठरवलं होतं, केक मुद्दाम बिघडवायचा. साखर निम्मीच घ्यायची असं म्हणून बसले आणि पुरी घालून मोकळी झाले. हात ऐकेनात." त्या हसल्या. "तू सोडवलंस बाई मला."

मी म्हटलं, "ताई, कृती तेवढी द्या. नीट, पहिल्यापासून."

"कृती कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "तुला येतो की. आत्ताच सगळ्यांनी खाल्लाय." आणि फडकं माझ्या खांद्यावर टाकून त्या बाहेर गेल्या.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. सासूबाईंच्या शेजारच्या मऊ खुर्चीत त्या बसल्या, चपला काढल्या, पाय लांब करून स्टुलावर ठेवले. मोठ्या दिरांनी त्यांना केकची फोड आणून दिली. त्या सावकाश, डोळे मिटून, एकेक मनुका चावून खात होत्या. चौदा वर्षांत मी त्यांना त्या घरात असं निवांत बसून खाताना पाहिलं नव्हतं.

"काय सुंदर केलाय गं!" त्यांनी मला ऐकू येईल असं ओरडून सांगितलं. "पुढच्या वर्षी मी नुसती खायला येणार हं!"

सगळे खो खो हसले. त्यात माझा नवराही होता. मी नळ सोडला आणि पहिलं ताट हातात घेतलं. तिच्या केकचा, तिच्या हाताचा, तिच्या चांगुलपणाचा मी चौदा वर्षं हेवा केला. पण स्टुलावर ठेवलेल्या त्या दोन पायांचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कशाचाच वाटला नव्हता.