तोच धडा

धुळ्यात आमच्या समोरच्या घरात रसायनशास्त्राच्या एक मॅडम राहतात. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्या शिकवण्या घेऊ लागल्या, पण एका वेळी एकच विद्यार्थी. "घोळक्यात कोणाला कळलं नाही ते दिसत नाही," म्हणायच्या. शिकवताना भाषा अगदी पुस्तकी, मात्र अडलेलं गणित सुटलं, की खुशीत अहिराणीत विचारायच्या, "समजनं का, माय?"

माझी भाची साक्रीहून बारावीसाठी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी तिला त्यांच्याकडेच पाठवलं. दिवाळीच्या सुमारास ती गप्प गप्प राहू लागली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मामा, मॅडम रोज द्रावणांचाच धडा पहिल्यापासून शिकवतात. त्यांना सांगू नका. पुढचं मी घरी वाचते."

शिकवणी तशीच चालू राहिली.

एका संध्याकाळी मॅडमच तिचा हात धरून आमच्या दारात आल्या. "भाऊ, हिला दुसरीकडे लावा. मी प्रश्न पुरा करायच्या आत ही उत्तर देते. म्हणजे मी तो आधी विचारलेला असतो."

"नाही मॅडम, मलाच उशिरा कळतं," भाची म्हणाली.

"खोटं बोलू नको. तू हुशार आहेस, एवढं मला अजून कळतं."

भाची त्यांना सोडायला गेली, ती बऱ्याच वेळानं परतली. डोळे सुजलेले होते.

"मॅडम फार रडल्या का गं?" मी विचारलं.

"नाही मामा. मीच रडत होते. त्या माझी समजूत काढत होत्या."