शीर्षासनाच्या नादात

लग्नानंतर आम्ही चिंचवडगावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पिंपरीच्या बाजूला तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. त्यातल्याच एकात माझा नवरा ड्राफ्ट्समन होता. दिवसभर ड्रॉइंग बोर्डावर वाकून संध्याकाळी पाठ धरूनच घरी यायचा. "योगासनं कर," असं त्याला ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं आणि माझ्या संसारात एक नवीन विघ्न आलं.

माझ्या नवऱ्याला कुठलीही गोष्ट पहिल्या पायरीपासून सुरू करणं कमीपणाचं वाटे. शीर्षासन हा आसनांचा राजा, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. "राजालाच भेटायचं तर शिपायांशी कशाला बोलत बसायचं?" असं म्हणून रविवारी सकाळी त्याने लोखंडी कपाटाला लागून उशी ठेवली. त्याआधी दोन बशा पोहे खाल्लेले. वर चहा.

डोकं उशीवर, पाय कपाटाला. चेहरा पिकलेल्या टोमॅटोसारखा. मी घाबरून बघत उभी, तेवढ्यात आमच्या घरमालकीणबाई ताकाचा तांब्या घेऊन दारात आल्या. त्या गावातल्याच जुन्या शेतकरी घरातल्या, दोन म्हशींच्या आणि सडेतोड तोंडाच्या.

"अगं बया! मालक उलटं का टांगल्यात?"

नवऱ्याला हसू आलं. उलटं असताना हसू नये, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पाय एका बाजूला गेले, मान दुसऱ्या बाजूला, आणि पोह्यांनी तिसरीच दिशा धरली.

"हाडबिड न्हाई ना मोडलं? हात हलवा बघू. पाय?" बाईंनी तांब्या खाली ठेवून त्याला तपासलं. सगळं हलत होतं. फक्त मान हलत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, स्नायू दुखावलाय, बरा होईल. पण बरेच दिवस त्याचं डोकं डाव्या खांद्याकडे कललेलं राहिलं. ऑफिसात साहेबांना वाटलं, हा आपलं बोलणं फारच मन लावून ऐकतो. त्या काळात त्यांचं त्याच्याविषयीचं मत चांगलं झालं.

मान सरळ झाल्यावर डॉक्टरांनीच सांगितलं, "करायचंच असेल तर जाणत्या माणसाकडे जा." गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये एक निवृत्त ड्रिल मास्तर सकाळी योगवर्ग घेत. हा एकटा गेला तर तिथेही थेट राजाकडेच जाईल, म्हणून मीही निघाले. साडी नेसून पाय वर कसे करणार? मी नवऱ्याचा पायजमा चढवला आणि त्यावर साडी नेसले. घरमालकीणबाईंना साडीखालून पायजमा दिसलाच.

"ह्ये काय न्येसलंय म्हनायचं? वरनं बाई आन् खालनं बुवा?"

मास्तर मला सडसडीत ऋषीसारखे असतील असं वाटलं होतं. निघाले चांगले पोटवाले. पण वाकले की कपाळ गुडघ्याला टेकायचं. त्यांनी आधी चौकशी केली. पोट रिकामं आहे का? रक्तदाब? जुनं दुखणं, ऑपरेशन? नवरा म्हणाला, "छे, काही नाही."

"मानेचं सांगा," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी माहेरचीच बाजू घेतली होती. मास्तरांनी सगळी हकिगत ऐकून घेतली, हसले नाहीत, आणि म्हणाले, "शीर्षासन विसरा."

"मग आज काय करायचं?"

"झोपा."

बरेच दिवस त्याला बहुतेक शवासनच मिळालं. मग हळूहळू बसून करायची सोपी आसनं. मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. दुखलं की थांबा. झटका देऊ नका. श्वास अडला की समजा, आसन चुकलं. आणि शेजाऱ्याच्या पायाकडे बघू नका. नवऱ्याला हे शेवटचं फार जड गेलं. त्याचे डोळे सतत दुसऱ्याच्या पायांवर, विशेषतः माझे पाय त्याच्या पायांपेक्षा वर गेले की.

मग कंपनीचं कौटुंबिक संमेलन आलं. याने ऑफिसात काय बढाया मारल्या होत्या देव जाणे. श्रीखंड-पुरीची पंगत उठल्या उठल्या साहेबांनी माइकवरून जाहीर केलं, "आता आपले ड्राफ्ट्समन शीर्षासन करून दाखवतील!"

टाळ्या पडल्या. हा स्टेजवर घोंगडीची घडी घालायला लागला. मी बायकांमधून उभी राहून ओरडले, "अहो, आत्ता जेवलात तुम्ही! आणि मानेचं काय?"

सगळा मांडव हसला. त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग ढेकर आली, ती माइकनेही ऐकली. बहुधा त्या ढेकरेनेच त्याला शुद्धीवर आणलं.

"मंडळी," तो म्हणाला, "शीर्षासन भरल्या पोटी करू नये. म्हणून आज शवासन." आणि सरळ आडवा झाला.

लोक शांत बसून वाट बघू लागले. पुढे काहीतरी होईल असं त्यांना वाटत असावं. झालं ते असं की माइकमधून एक संथ, भरदार घोरणं सुरू झालं. मुलं लोळून हसली. मी पदर तोंडावर घेतला.

साहेब हसले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर ते आमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, याला असं झोपायला कुणी शिकवलं? मला गोळी घेऊनसुद्धा झोप लागत नाही हो."

पुढच्या आठवड्यात शाळेच्या दारात त्यांची मोटार उभी राहिली. मास्तरांनी त्यांच्याकडेही तीच चौकशी केली. रक्तदाब निघाला. "उलटं काही करायचं नाही, श्वास रोखायचा नाही आणि डॉक्टरांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत," मास्तर म्हणाले. "झोपा."

साहेबांना पडून राहणं जमेना. डोळे उघडून घड्याळ बघायचे. शेवटी मास्तरांनी ते त्यांच्या मनगटावरून काढून स्वतःच्या खिशात टाकलं. साहेबांच्या मनगटाला हात लावणारा दुसरा माणूस त्या कारखान्यांच्या पट्ट्यात नसावा. असेच काही दिवस गेले आणि एका सकाळी साहेब खरोखर झोपले, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. आम्ही सगळे चपला हातात घेऊन बाहेर आलो. आत मास्तर एकटेच त्यांच्या उशाशी बसून राहिले आणि शाळेच्या शिपायाला खुणेने म्हणाले, "घंटा जरा हळू वाजव."