मॅडमनी आज उपचार करायला नकार दिला

मंडळी, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

चार दिवसांपूर्वी माझ्या सासूबाई तळवलीच्या घरी ओट्यावरून पडल्या. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय, आराम करू द्या. डोकेदुखी थांबेना म्हणून, डॉक्टरांना विचारूनच, आम्ही कोपरखैरण्यात निसर्गोपचार करणाऱ्या एका मॅडमकडे जायला लागलो. शांत अंधारी खोली, हलका आहार, कपाळावर थंड मातीची पट्टी. आईंना जरा झोप लागायला लागली होती.

आज दुपारी जाताना रिक्षातच त्यांना उलटी झाली. मला वाटलं, खड्ड्यांमुळे. मॅडम पट्टी ठेवणार तेवढ्यात मी सहज सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"आधी कधी झाली होती का?"

आई पुटपुटल्या, "सकाली पन झाली. हिला टेन्शन नको म्हनून बोलले नाय."

"आज उपचार नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

मी म्हटलं, "मॅडम, जरा झोपल्या की बरं वाटेल त्यांना."

"नाही. हे माझ्या हातातलं नाही."

आणि त्या स्वतः आमच्याबरोबर रिक्षात बसल्या. वाटेत आईंना नातीचं नाव विचारत राहिल्या. दोनदा त्यांनी सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांना आठवेना.

स्कॅनमध्ये डोक्यात रक्त साचलेलं दिसलं. तासाभरात ऑपरेशनला नेलं. आत्ताच डॉक्टर सांगून गेले, शुद्धीवर आल्यात, वेळेत आणलंत.

मी त्यांना झोपवणार होते.

'हे माझ्या हातातलं नाही' असं वेळेवर सांगणारं माणूस तुम्हाला कधी भेटलंय का?