हलिमाची शर्त

"टायफॉइड," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मुदतीचा ताप. विडाल टेस्ट, म्हणजे रक्ताची तपासणी, तेच सांगते आहे."

जेद्दाच्या दवाखान्यात हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर एहरामच्या, म्हणजे हजच्या व्रताच्या, दोन पांढऱ्या चादरी होत्या. अरफातचा दिवस चार दिवसांवर आला होता. त्या दिवशी जो अरफातच्या मैदानात नाही, त्याची हज नाही. आणि माझी बायको हलिमा खाटेवरून मानही उचलू शकत नव्हती.

आम्ही श्रीवर्धनचे, सुपारीच्या वाडीतले. मुंबईहून बोटीनं निघालो. एहरामची हद्द असलेल्या येलमलमच्या समोर आल्यावर बोटीचा भोंगा झाला आणि सगळ्यांनी एहरामची नियत, म्हणजे संकल्प, केली. हलिमानं त्यात एक वाक्य जास्तीचं म्हटलं: आजारानं अडवलं, तर जिथं अडेन तिथंच माझा एहराम सुटेल. मी चिडवलं, "अजून किनारा दिसला नाही, आणि हिला ताप दिसला!" मी स्वतः काही ती शर्त घातली नाही. चांगल्या कामाला निघताना आजाराचं नाव कशाला, हा माझा शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी ताप एकशे चारवर गेला. डोक्यावर बर्फ ठेवायचा, तर एवढे दाट केस कापावे लागणार होते. एहरामात केस कापत नाहीत. मी व्हरांड्यात बसून रडलो.

आमच्या बोटीवरचे मौलवीसाहेब उत्तरेकडचे, हनफी पंथाचे. ते म्हणाले, इलाजापुरते केस कापा, त्याचा फिदया, म्हणजे भरपाई, द्या. पण एहराम सुटायचा तर आधी हरममध्ये, मक्केच्या पवित्र हद्दीत, कुर्बानी व्हायला हवी.

हलिमानं डोळे उघडले. "आमी शाफई. मी शर्त घातली हाय. कात्री आना."

मौलवीसाहेब हसले. "बीबी ठीक कहती हैं. इनके मसलक में शर्त काफ़ी है." म्हणजे शाफई पंथात कुर्बानीवाचूनही शर्त पुरते.

पहिली बट तिनं स्वतः कापली.

मी म्हणालो, मीही इथंच थांबतो.

"अवो, तुमाना कुठं ताप हाय? शर्त बी न्हाय घातली. तुमाना सुटका न्हाय. अरफातला जावा."

डॉक्टरही म्हणाले, "तुम्ही इथं बसल्यानं ताप उतरणार नाही." मी गेलो. अरफातवर एकच गोष्ट मागितली.

परतलो तेव्हा वॉर्डाच्या दारापाशी पाय अडले. खाटेकडे बघायची हिंमत होईना. हलिमा उशीला टेकून पेज पीत होती. हज पुरी करताना मुंडलेलं माझं डोकं बघून म्हणाली, "आता शोभतो जोडा."

घरात कुणाला टायफॉइड झाला, तर ताप उतरला म्हणून औषध सोडू नका. आणि प्रवासाला निघताना आजाराचं नाव घ्यायला भिऊ नका. माझी बायको भ्याली नाही, म्हणून निभावलं.

गावात मला आता हाजी म्हणतात. हलिमासमोर कुणी म्हटलं की मला लाजल्यासारखं होतं, कारण तिची हज राहिली आहे. आम्ही पुन्हा अर्ज भरला आहे. नंबर लागला की येलमलमला भोंगा होईल, आणि तिचं ते जास्तीचं वाक्य मी तिच्यामागून एकेक शब्द म्हणेन.