दहाव्या ट्रॅकवरची झील

तीन रस्त्यांच्या तिकटीवर उतारा टाकलेला दिसला तर मी मुद्दाम त्याच्यावरून गाडी घालतो. नारळ शाबूत असेल तर घरी आणून त्याची चटणीही केली आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, ती पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये, आणि त्याचा मला अभिमान आहे. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसत वाचत आलो. हे आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना मला कुणी भित्रा समजायला नको.

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला माझं घर आहे. मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगची हौस भागवतो. भिंतीला जुन्या गाद्या, खिडकीला गोधडी, असा माझा स्टुडिओ. माईक ज्यात खुपसायचे त्या इंटरफेसला इनपुट दोनच. तेवढ्यावर भागत होतं...

मग गेल्या वर्षी आबांच्या घशाचं कळलं. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, कागलजवळच्या आमच्या गावचे शाहीर. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज जाईल. आबांनी स्वतः रचलेला एक पोवाडा आहे. गावची विहीर खोदताना दरड कोसळून गडी गाडले गेले, त्यांचा. आबांना सहीपुरतंच लिहिता येत होतं, त्यामुळे कागदावर काही नाही. पथकातल्यांना तुकडे ठाऊक, अख्खा पोवाडा फक्त आबांना. ऑपरेशनच्या आधी तो त्यांच्या आवाजात उतरवून घ्यायचा, एवढं एकच काम होतं.

पण अख्खं पथक दोन इनपुटांत कसं मावणार? मी आणखी आठ माईक घेणारा एक डबा आणला आणि ऑप्टिकल केबलनं इंटरफेसला जोडला. झाले दहा इनपुट. डबा नवा, ऐनवेळी कुठलं भोक लागेल ठाऊक नाही, म्हणून कॉम्प्युटरवर दहाच्या दहा ट्रॅक रेकॉर्डला लावून ठेवले.

रविवारी सकाळी पथक आलं. बसायची वेळ आली तेव्हा आबांनी आपल्या डाव्या हाताची जागा मोकळी सोडली. ती सखातात्यांची. शाहिराची ओळ संपली की तिचा शेवटचा शब्द उचलून 'जी जी रं जी' करतो तो झीलकरी — आणि तात्या म्हणजे आबांचे जन्माचे झीलकरी. त्याआधीच्या दिवाळीनंतर ते वारले होते. पथकाची रीत अशी, की गेलेल्या माणसाच्या जागी वर्षश्राद्धापर्यंत कुणी बसायचं नाही. घडी घातलेल्या पटक्यावर त्याची झांज ठेवायची.

"विल्या, तात्याला माईक कुठाय?" आबांनी विचारलं.

"आबा, तात्या कुठं आहेत आता?"

"जागा हाय न्हवं त्याची? मग माईक बी पायजे."

ढोलकीवाला मारुतीमामा हसला. "लाव की गा. बीएस्सी झालास म्हणून तात्याला वळखंना झालास व्हय?"

वाद कोण घालणार? एक बंद पडलेला माईक स्टँडला अडकवला आणि त्याच्या वायरचं दुसरं टोक गादीखाली सारलं. डब्याचं शेवटचं भोक, म्हणजे दहावा इनपुट, रिकामंच होतं. हे मी माझ्या हातानं केलंय, म्हणून पक्कं सांगतो.

आबा गायले. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. शेवटच्या कडव्यापर्यंत आले. त्या कडव्यात गाडल्या गेलेल्या गड्यांची नावं येतात, ओळीला एक. पहिलं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि खोकला आला. रुमाल लाल झाला. मारुतीमामानं ढोलकी खाली ठेवली. खोकला थांबला की तिथूनच धरतील, म्हणून मी रेकॉर्डिंग चालू ठेवलं. पण परत धरणं जमलं नाही. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

नंतर फाईल उघडली, तर दहाव्या ट्रॅकवर आवाजाची रेघ उमटलेली.

बाकीचे ट्रॅक बंद करून तेवढाच ऐकला. सखातात्यांची झील. नुसती झील — ढोलकी नाही, आबा नाहीत, पंख्याची घरघरसुद्धा नाही. एवढ्याशा खोलीत सगळ्या माईकांत सगळ्यांचे आवाज मिसळतात, यात एकाचाही नव्हता. मी केबल बदलली, डब्याची सेटिंग बदलून बघितली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ऐकलं. जुनं काही मिसळलं म्हणावं, तर तात्यांना मी जन्मात कधी रेकॉर्ड केलेलं नाही.

आणि खरं पुढंच आहे. गाणं थांबल्यावर बाकीच्या ट्रॅकवर खोकला आहे, "पाणी द्या रं" आहे. दहाव्यावर झील चालूच. आधी ओळभर शांतता, मग एक नाव आणि 'जी जी रं जी'. परत ओळभर शांतता, पुढचं नाव. न गायलेल्या ओळींची झील...

आबांना गावी आणल्यावर मी लॅपटॉप घेऊन गेलो. मारुतीमामाही होता. आबांच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी डोळे मिटले. हात पलंगाच्या कडेवर ठेका धरायला लागला आणि त्या मोकळ्या जागांत त्यांचे ओठ हलायला लागले. ओठ थांबायचे तिथं स्क्रीनवरची रेघ हलायची. एकदाही चुकली नाही.

शेवटच्या नावानंतर ट्रॅकवर कुणीतरी छाती भरून श्वास घेतो. पुढं काही नाही. मी मारुतीमामाला विचारलं, "संपलं?"

"न्हाय. एक ओळ ऱ्हायली. मेलेल्यांची नावं झाली की शाहिराचं आन झीलकऱ्याचं नाव येतंय. ती दोघांनी एकदम म्हणायची. आबानं उचलल्याबिगर तात्या तोंड उघडत न्हवता."

आबांनी हेडफोन काढले आणि माझ्याकडं बघून पंजा आडवा धरला. थांब, ही फाईल पुसू नको. मग बराच वेळ ते आपल्या डाव्या हाताच्या रिकाम्या जागेकडं बघत बसले.

या उन्हाळ्यात आबा गेले. मारुतीमामा भेटला की विचारतो, "ती फाईल उघडून बघितलीस का रं?" मी विषय बदलतो.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर द्या, मी ऐकून घेईन. उताऱ्यावरून गाडी मी आजही घालतो. फाईल मात्र आबा गेल्यापासून उघडलेली नाही. ती ओळ आता तिथं असली तर काय करू, ते मला कळत नाही. आणि तात्या अजून तसेच श्वास धरून बसले असतील, तर ते ऐकायची माझी छाती नाही.