ट्वीटरभोवतीची कसर

रफूबाईंना किळस फार पटकन यायची, आणि त्यांच्या धंद्यात किळस येणाऱ्या माणसाचं काही खरं नसतं. लोक कोट रफूला टाकतात तेव्हा खिसे रिकामे करत नाहीत. त्यात वापरलेले रुमाल निघतात, अर्धवट चघळलेल्या गोळ्या निघतात, एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली होती. कॉलरच्या आत मानेचा तेलकट थर साचलेला असतो. बाई नाकावर फडकं बांधून ते सगळं चिमट्याने उचलायच्या, स्वतःशी पुटपुटायच्या आणि मग सुई घेऊन बसायच्या. सिगारेटने पडलेल्या भोकावर त्यांनी विणलेलं कापड उजेडात धरून पाहिलं तरी सापडायचं नाही. लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायच्या, लोकांच्या कोटांनीच जीव मेटाकुटीला आलाय, त्यात आणखी कुणाचे मोजे कशाला.

पुढच्या खोलीत दुकान, मधे एक खोली, मागे स्वयंपाकघर, असं त्यांचं घर होतं. दुकानात भिंतभर दांड्यांवर लोकरीचे कोट टांगलेले असायचे, आणि त्यांच्यावर बाईंची करडी नजर असायची. लोकरीला कसर लागते. सोनेरी, धुळीच्या कणाएवढी वाटणारी पाकोळी कपड्यात अंडी घालते, आणि तिच्या अळ्या लोकर कुरतडून चाळण करतात. ती पाकोळी दुकानात शिरू नये म्हणून बाईंनी खिडकीला बारीक जाळी लावली होती, आणि नवा कोट आला की आधी अंगणात झटकल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नव्हत्या.

अशा घरात त्यांचा धाकटा भाऊ राहायला आला. लहानपणी फार मोठ्याने रडायचा म्हणून त्याचं नाव भोंगा पडलं होतं आणि पुढे ते त्याला शोभलंही, कारण त्याने जन्मभर एका नाटकगृहात आवाजाची यंत्रं सांभाळली. नाटकगृह बंद पडलं, पाठोपाठ बायकोही घर सोडून गेली, आणि भोंगा दोन प्रचंड जुने स्पीकर घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. कपड्यांची पेटी त्याने दुसऱ्या खेपेला आणली, स्पीकर आधी. कमरेएवढ्या उंचीच्या त्या पेट्यांना कुणाच्या तरी घरातल्या वर्षानुवर्षांच्या धुराचा वास येत होता. पुढच्या जाळीच्या कापडावर बोट फिरवलं तर बोट पिवळं होत होतं. बाईंनी ते बोट साबणाने धुतलं आणि म्हणाल्या, बाहेरून पुसून घे. भोंग्याने पुसल्या. आतून उघडून बघावं असं बाईंच्या मनात आलं नाही, कारण त्या भावाला ओळखत होत्या. म्हणजे ओळखतो असं त्यांना वाटत होतं.

पेट्या मधल्या खोलीत, दुकानाच्या भिंतीला लागून ठेवल्या. रोज दुपारी भोंगा त्यांच्यासमोर खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचा. चहाचा कप तिथेच, त्यात बुडवलेल्या बिस्किटाचा गाळ तिथेच, पायातून काढलेले मोजेही तिथेच. बाई ते सगळं उचलायच्या. सख्खा भाऊ आहे, घर मोडलंय त्याचं, असं मनाला बजावायच्या.

काही महिन्यांनी शेजारच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आपल्या वारलेल्या नवऱ्याचा कोट न्यायला आल्या. काम बाहीवरच्या एका भोकाचं होतं. बाईंनी ते असं बुजवलं होतं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटत होतं. मुख्याध्यापिकांनी कोट हातात घेतला, सवयीने उलटा केला आणि खिडकीकडे धरला. पाठीतून उजेड आला. एक नाही, शिंपडल्यासारखी भोकंच भोकं. शिवणीत तांदळाच्या तुकड्यासारखं काहीतरी हललं.

"बाई," मुख्याध्यापिका हळू आवाजात म्हणाल्या, "हा आमच्याकडून असा आला नव्हता."

मुख्याध्यापिकांनी कोट टेबलावर ठेवला, दोन बोटांनी, जशा बाई स्वतः इतरांच्या वस्तू ठेवायच्या तसाच. मग हात रुमालाला पुसला. ते पुसणं बाईंना थोबाडीत मारल्यासारखं लागलं. आजवर किळस यायची ती त्यांना, लोकांची. कुणाला त्यांच्या दुकानाची किळस आली, असं कधी घडलं नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि शोध सुरू केला. मधल्या खोलीच्या दाराशेजारी, भिंतीलगतच्या दांडीवरचे कोट सगळ्यात जास्त खराब झाले होते. भिंतीपलीकडे काय आहे ते त्यांना एकदम आठवलं. भोंगा बाहेर गेला होता. बाईंनी नाकाला फडकं बांधलं, पातळ सुरी घेतली आणि एका स्पीकरचं जाळीचं कापड चौकटीसकट ओढून काढलं.

वरच्या बाजूला वाटीएवढा छोटा स्पीकर होता. बारीक, टोकदार आवाज काढणारा तो ट्वीटर. त्याच्याभोवती फळीवर लोकर दाबून केलेला जाड नमदा चिकटवलेला होता, म्हणजे एके काळी असावा. आता तिथे एक हलणारा, करडा, केसाळ लगदा होता. अळ्या एकमेकींवरून सरपटत होत्या. त्यांच्या टाकलेल्या खोळी, विष्ठेची वाळू आणि वितळून चिकट झालेला जुना सरस, सगळं एकत्र येऊन फळीवरून खाली ओघळलं होतं. बाईंनी सुरी लावली तसा नमदा ओल्या सालीसारखा सुटून आला आणि त्याखालून पाकोळ्यांचा एक झुबका थेट त्यांच्या चेहऱ्यावर उडाला.

त्या मोरीत जाऊन ओकल्या. तोंड धुतलं, परत आल्या आणि दुसरी पेटीही उघडली, कारण काम अर्धवट टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फळ्या खरवडल्या, गरम पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसल्या. खरवडलेली घाण अंगणात डब्यात घालून जाळली. जळक्या केसांसारखा वास गल्लीभर पसरला आणि समोरच्या न्हाव्याने दुकानातून डोकं बाहेर काढून विचारलं की बाई, माझा धंदा सुरू केलात की काय. बाईंना हसू आलं नाही.

फळ्या पुसून झाल्यावर आत काही राहिलंय का म्हणून त्यांनी मागचं झाकण उघडलं. तळाशी एक जुना मोजा होता, गाठ मारलेला. त्यात डांबरगोळ्या होत्या. काही झिजून लहान झालेल्या, काही अजून गोल, पांढऱ्या. दुसऱ्या पेटीतही तसाच मोजा निघाला, त्याच जोडीतला.

स्पीकरच्या पोटात डांबरगोळ्या आपोआप जात नाहीत. बाईंनी भावजयीला फोन लावला, ती सोडून गेल्यानंतर पहिल्यांदाच. विचारपूस झाली आणि बाईंनी विषय काढायच्या आतच भावजय म्हणाली, "ताई, तुमच्याकडेही झाल्या का अळ्या? मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं, तो नमदा काढून टाका, नाहीतर मी जाते. ते म्हणाले, जा."

संध्याकाळी भोंगा आला. जाळी पुन्हा लावलेली होती, त्यामुळे त्याला काही दिसलं नाही. नेहमीसारखा खुर्चीत बसला, गाणं लावलं आणि लगेच डोळे उघडले. आवाज थोडा कमी केला, थोडा वाढवला. मग उठून जाळी काढली. मोकळी, धुतलेली फळी पाहून तो असा ओरडला की शेजारी खिडकीत आले. बाईंना त्याचा राग अपेक्षित होता. त्या रागात अळ्यांबद्दल एक अक्षरही नसेल, हे मात्र अपेक्षित नव्हतं. तो एकसारखा आवाजाबद्दल बोलत होता. ट्वीटरचा आवाज नुसता समोर जात नाही, तो फळीवरूनही पसरतो, पेटीच्या कडेला आपटतो आणि तिथून पुन्हा निघतो, जरासा उशिरा. कानाला मग एकाच सुराची दोन टोकं लागतात आणि सगळं खरखरीत, चरचरीत होतं. नमदा तो सरपटणारा आवाज वाटेतच पिऊन टाकतो. तूच तो खरवडून काढलास, माझे कान कापलेस, असं तो म्हणत होता.

बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग गाठ मारलेले दोन मोजे त्याच्या पुढ्यात ठेवले.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

भोंग्याने एका मोज्याची गाठ चाचपली. "गोळ्या घातल्या होत्या ना मी," तो म्हणाला. "मला वाटलं, पुरतील."

"माझ्या कोटांच्या भिंतीला लावून ठेवलेस."

"ताई, दुसरीकडे आवाज नीट लागत नाही."

हे तो अगदी साधेपणाने बोलला, जणू यावर कुणाचं काही म्हणणं असूच शकत नाही. अळ्यांचं एक बरं होतं, त्यांना कळत नव्हतं आपण कुणाचं खातोय. त्या रात्री बाईंनी भावाला जेवायला वाढलं आणि स्वतः दुकानात जाऊन बसल्या. त्याच्या समोर बसून घास उतरेना.

त्यांनी त्याला खोली शोधायला सांगितलं. तो शोधत होता, किंवा शोधतो म्हणत होता. मधल्या काळात बाईंच्या हातून एक गोष्ट घडली, आणि तिचं त्यांना स्वतःलाच वैषम्य वाटलं. भोंगा नसताना त्यांनी त्या स्पीकरवर बातम्या लावल्या. बातम्या देणाऱ्या बाईचा प्रत्येक 'स' पत्र्यावर वाळू सांडावी तसा येत होता आणि आवाज पेटीच्या कडेला चिकटून बसला होता. बाईंनी चिडून मुख्याध्यापिकांच्या कोटाच्या वाया गेलेल्या अस्तरामागची जाड लोकर कापली, वाफेवर चांगली तापवून काढली आणि ट्वीटरभोवती टाचण्यांनी लावली. 'स' निवळला. ती बाई पेटीतून बाहेर आली आणि दोन्ही स्पीकरच्या मधे उभी राहून बोलू लागली. भोंगा खोटं बोलत नव्हता. निदान एवढ्या बाबतीत नव्हता, आणि हेच बाईंना सगळ्यात जास्त झोंबलं.

आता बिघडलेलं काम समोर आहे आणि ते आपल्याला येतं, हे कळल्यावर बाईंना गप्प बसवेना. त्यांनी चांगला जाड लोकरीचा नमदा मागवला. तो घरात येण्याआधी तीन पिशव्यांत बांधून बर्फाच्या कारखान्यात ठेवून आणला, कारण अंडी मेल्याशिवाय त्या त्याला हात लावणार नव्हत्या, आणि स्वतःच्या फ्रीजमध्ये भाजीशेजारी तो ठेवायचा विचारही त्यांना सहन होत नव्हता. भोंगा उभा राहून सूचना द्यायचा आणि बाई त्याच्याकडे न बघता कापायच्या. भोक गोल नको, तो म्हणाला. गोल असलं की नमद्याची कड ट्वीटरपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर येते आणि तीच नवी खोडी करते. बाईंनी चांदणीसारखं, कमीजास्त टोकांचं भोक कापलं. पण सरसाने चिकटवायला साफ नकार दिला. मागे कापड शिवून चार कोपऱ्यांवर बटणं लावली, म्हणजे नमदा दर महिन्याला काढून उन्हात झोडपता येईल.

नवे नमदे लागल्यावर भोंग्याने गाणं लावून ऐकलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला की नाटकगृहातही असा आवाज त्याने ऐकला नव्हता. बाईंनी त्या पाण्याकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, हे पाणी बायको गेली तेव्हा आलं होतं का. "खोली मिळाली का?" एवढंच विचारलं.

अखेर मिळाली. हातगाडीवर पेट्या चढवताना भोंग्याने त्यांना स्वतःची रजई गुंडाळली. बाईंनी त्या दिवशी मधली खोली छतापासून धुऊन काढली. मुख्याध्यापिकांच्या कोटाची पाठ त्यांनी कितीतरी आठवडे बसून धाग्याधाग्याने विणली आणि स्वतः नेऊन दिली. मुख्याध्यापिकांनी तो दारातच घेतला, आभार मानले आणि पुन्हा कधी दुकानात आल्या नाहीत. आणखी काही जुनी गिऱ्हाइकंही हळूहळू गळाली. कुणी काही बोललं नाही, पण अशा गोष्टी गल्लीत न बोलताच पोचतात.

त्यांच्या जागी दुसरीच माणसं येऊ लागली. भोंग्याचे मित्र, त्या मित्रांचे मित्र, सगळे जुन्या स्पीकरच्या नादी लागलेले. भोंगा सगळ्यांना सांगत सुटला होता की नमदा कापावा तर माझ्या बहिणीने. बाईंनी अंगणात वेगळं टेबल मांडलं. जुना नमदा बंद पिशवीत आणायचा, पिशवी अंगणाबाहेर उघडायची, आणि डांबरगोळ्यांचा वास आला तर काम घेणार नाही, असं त्या पहिल्यालाच सांगायच्या. माणसं खाली मान घालून ऐकायची. मग आवाजाबद्दल बोलायला लागली की त्यांचे चेहरे भोंग्यासारखे व्हायचे, ओले, सुखावलेले, समोरच्याला विसरलेले, आणि बाईंची बोटं कात्रीवर घट्ट व्हायची. काम मात्र त्या चोख करायच्या.

महिन्यातून एकदा त्या भावाच्या खोलीवर जात. त्याच्यावर भरवसा नव्हता म्हणून नमदे त्याच काढत, गच्चीवर उन्हात झोडपत, उलटसुलट करून प्रत्येक घडी तपासत आणि परत बटणं लावत. भोंगा तेवढा वेळ बाजूला उभा राहायचा. एकदा त्याने धीर करून म्हटलं, "ताई, बस ना, एक गाणं ऐकून जा."

त्या बसल्या. गाणं सुंदर लागलं, गाणारी समोर येऊन गायली. ते संपलं तेव्हा भोंगा अपेक्षेने त्यांच्याकडे बघत होता आणि त्यांच्यासाठी ओतलेला चहा खुर्चीच्या हातावर होता. कपाच्या कडेला आधीच्या कुणाच्या तरी ओठांचा वाळलेला डाग होता.

"आवाज चांगला आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी कप उचलून मोरीत नेला, चहा ओतून दिला, कप घासला, बाकीचे चारही घासले, हात पदराला पुसले आणि पिशवी उचलून जिना उतरल्या.